ग्राहकाच्या शब्दापासून टाकीतल्या तापमानापर्यंत : केमिकल इंजिनिअरिंगमधलं प्रॉडक्ट डिझाइन टप्प्याटप्प्याने

अमोनिया कुठल्याही प्लँटमधून आला तरी अमोनियाच असतो. त्याची शुद्धता आणि किंमत एवढंच पाहायचं, त्यामुळे इंजिनिअरचं सगळं लक्ष प्रोसेसवर असतं. क्रीम, रंग, डिटर्जंट, खताचा दाणा, औषधाची गोळी यांचं तसं नाही. तेच घटक त्याच टक्केवारीत घेऊन दोन ठिकाणी क्रीम बनवली, तर एक रेशमासारखी होते आणि दुसरी महिन्याभरात पाणी सोडते. फरक रेणूंत नसतो. थेंब केवढे, मेणाचे स्फटिक केवढे आणि ते एकमेकांत कसे गुंतले, यात असतो. ही रचना साधारण ०.१ ते १०० मायक्रॉनच्या पातळीवर घडते आणि ती घडवते प्रोसेस. म्हणून इथे 'काय बनवायचं' आणि 'कसं बनवायचं' हे दोन प्रश्न वेगवेगळ्या विभागांत वाटता येत नाहीत.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे : पाण्यात तेलाचे थेंब विखुरलेलं, हाताला लावायचं साधं मॉइश्चरायझिंग लोशन. हिशोबाची पद्धत रंगाला किंवा कीटकनाशकाच्या सस्पेन्शनलाही चालते, आकडे तेवढे बदलतात.

पहिला टप्पा : शब्दांचे आकडे करणं

ग्राहक सांगतो, 'ओघळू नये, सहज पसरावं, चिकट वाटू नये, वर्षभर टिकावं.' यातला एकही शब्द लॅबमध्ये मोजता येत नाही. प्रत्येकाला मोजता येणारा गुणधर्म शोधावा लागतो, आणि तो ग्राहकाला जिथे जाणवतो त्याच परिस्थितीत मोजावा लागतो. बहुतेक प्रकल्प फसतात ते इथेच.

'ओघळू नये' घ्या. उभ्या धरलेल्या हातावर लोशनचा ५ मि.मी. जाड थर आहे. त्याच्या वजनामुळे त्वचेलगत येणारा ताण म्हणजे घनता गुणिले गुरुत्व गुणिले जाडी : १००० × ९.८१ × ०.००५, म्हणजे जवळजवळ ४९ पास्कल. लोशनचा यिल्ड स्ट्रेस, म्हणजे ज्या ताणाखाली ते वाहायलाच तयार होत नाही तो, ५० पास्कलच्या वर असेल तर ओघळणार नाही. पण ५० पास्कलचं लोशन साध्या पंपाच्या बाटलीत भरलं की वेगळीच पंचाईत होते. नळीच्या टोकाशी खड्डा पडतो, बाजूचा माल त्यात घसरत नाही, पंप हवा ओढतो आणि अर्धी बाटली भरलेली असताना ग्राहक ती फेकून देतो. मग एकतर तळातून पिस्टन वर सरकणारा एअरलेस पंप घ्यायचा, किंवा थराची जाडी २ मि.मी. धरून यिल्ड स्ट्रेस २० पास्कलवर आणायचा. पॅकिंगचा निर्णय फॉर्म्युल्याच्या आधी घ्यावा लागतो तो यामुळे.

'सहज पसरावं' याचा आकडा वेगळ्या टोकाला आहे. हात सेकंदाला १० से.मी. फिरतो आणि थर २० मायक्रॉनचा असतो असं धरलं, तर शिअर रेट (हाताचा वेग भागिले थराची जाडी) होतो ०.१ भागिले ०.००००२, म्हणजे ५००० प्रतिसेकंद. बाटलीत उभ्या असलेल्या लोशनमध्ये हाच आकडा ०.०१ च्याही खाली असतो. स्पिंडल व्हिस्कोमीटरवर (मालात दांडा फिरवून व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, मोजणारं यंत्र) घेतलेलं एकच रीडिंग या दोन्हींच्या मधलं कुठलं तरी असतं, आणि त्यावरून टिकाऊपणाही कळत नाही आणि पसरणंही. निदान तीन शिअर रेटला व्हिस्कॉसिटी मोजावी. दोन लोशनचं स्पिंडल रीडिंग एकच, पण एक हातावर विरघळतं आणि दुसरं ओढल्यासारखं वाटतं, हे नेहमीचं आहे.

'चिकट वाटू नये' हा सगळ्यात फसवा शब्द. लोशनमधलं पाणी काही मिनिटांत उडून जातं. ग्राहकाला जाणवतो तो मागे उरलेला थर. म्हणजे फॉर्म्युला १०० ग्रॅमवर न वाचता उरणाऱ्या पंचवीसेक ग्रॅमवर वाचायला हवा. ५ टक्के ग्लिसरीन कागदावर किरकोळ दिसतं, पण पाणी गेल्यावर त्या थरात ते २० टक्के असतं. पाणी कमी करून ग्लिसरीन १० टक्के केलं की थरात ३३ टक्के. प्रत्येक फॉर्म्युल्याशेजारी हा 'सुकल्यानंतरचा' रकाना काढून ठेवावा. अर्ध्या तक्रारींचं उत्तर तिथेच सापडतं.

'वर्षभर टिकावं' याला स्टोक्सचं समीकरण लावून पाहा. थेंबाचा वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. थेंब १० मायक्रॉनचा, तेल-पाण्याच्या घनतेतला फरक १०० किलो प्रति घनमीटर आणि बाहेरच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी ०.००१ पास्कल-सेकंद असेल, तर वेग येतो सेकंदाला ५.४५ मायक्रॉन. दिवसाला ४७ से.मी.! म्हणजे बाटली संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही. थेंब १ मायक्रॉनचा केला की दिवसाला ४.७ मि.मी. त्यावर बाहेरच्या भागाची व्हिस्कॉसिटी हजारपट केली की दिवसाला ४.७ मायक्रॉन, वर्षाला १.७ मि.मी. आता आकडा आवाक्यात आला. हा हिशोब दोन गोष्टी सांगतो : नुसते थेंब बारीक करून भागणार नाही, आणि घट्टपणा बाहेरच्या, पाण्याच्या भागातच आणावा लागेल.

दुसरा टप्पा : कागदावर नसलेल्या अटी

ग्राहक ज्या अटी बोलून दाखवत नाही त्यांची यादी वेगळी करावी : त्वचेला सुरक्षित, कायद्यात बसणारं, वाहतुकीत न बिघडणारं, आणि वापरून झाल्यावर नाल्यात किंवा हवेत गेलं तर काय होईल. शेवटची अट सुटली तर काय होतं याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण सीएफसीचं (क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूंचं). १९२८ च्या सुमारास थॉमस मिजलीच्या गटाने रेफ्रिजरेटरसाठी पेट न घेणारा, विषारी नसलेला, स्थिर वायू शोधला. दिलेल्या सगळ्या अटी त्याने पूर्ण केल्या. पण 'हवेत सुटल्यावर त्याचं विघटन कुठे होईल' ही अटच यादीत नव्हती. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी ओझोन थराचा धोका दाखवला आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. ज्या स्थिरपणामुळे तो वायू निवडला गेला, तोच नडला.

तिसरा टप्पा : पर्याय आणि निवड

पर्याय काढताना संख्येवर भर द्यावा : पाण्यात तेल, तेलात पाणी, पाण्याशिवायचा बाम, जेल, फवारा. मग वजनं देऊन तक्ता करायचा. या तक्त्याबद्दल एकच सूचना : वजनं आधी ठरवून सही करून ठेवा, गुण नंतर द्या. उलटं केलं की बॉसला आवडलेला पर्यायच जिंकतो आणि तक्ता शोभेचा उरतो. ज्या पर्यायात सुरक्षिततेची अट मोडते तो गुण न देता बाद करायचा. स्वस्त आहे म्हणून विषारीपणा भरून निघत नाही.

चौथा टप्पा : फॉर्म्युला

तेलकट भागात १२ टक्के खनिज तेल आणि ३ टक्के सीटोस्टिअरिल अल्कोहोल (मेणासारखं घट्ट फॅटी अल्कोहोल) घेतलं. आता इमल्सिफायर, म्हणजे तेलाचे थेंब पाण्यात विखुरलेले ठेवणारा घटक. विल्यम ग्रिफिनने १९४९ मध्ये मांडलेली एचएलबी पद्धत (इमल्सिफायरचा ओढा पाण्याकडे किती आणि तेलाकडे किती हे एका आकड्यात सांगणारी) परिपूर्ण नाही, पण सुरुवातीला तिच्याइतकं सोपं हत्यार नाही. खनिज तेलाला लागणारा एचएलबी १०.५ आणि फॅटी अल्कोहोलला १५.५ धरला, तर सरासरी : १२ गुणिले १०.५ अधिक ३ गुणिले १५.५, भागिले १५, म्हणजे ११.५. सॉर्बिटन मोनोस्टिअरेटचा एचएलबी ४.७ आणि पॉलिसॉर्बेट ६० चा १४.९. दोन्ही मिसळून ११.५ आणायचा तर पॉलिसॉर्बेटचा हिस्सा ११.५ वजा ४.७, भागिले १०.२, म्हणजे दोन तृतीयांश. एकूण ४ टक्के इमल्सिफायर घेतलं तर पॉलिसॉर्बेट २.७ आणि सॉर्बिटन १.३.

पुरा फॉर्म्युला वजनाच्या टक्क्यांत असा : पाणी ७३.९, ग्लिसरीन ५, कार्बोमर (पाणी घट्ट करणारा पॉलिमर) ०.२, खनिज तेल १२, सीटोस्टिअरिल अल्कोहोल ३, इमल्सिफायर ४, फिनॉक्सीइथेनॉल (प्रिझर्व्हेटिव्ह) ०.९, सुगंध ०.२ आणि १० टक्के कॉस्टिकचं (सोडियम हायड्रॉक्साइडचं) द्रावण सुमारे ०.८. कॉस्टिकचा आकडा पक्का धरू नये, पीएच ६ येईपर्यंत थोडं थोडं घालावं.

हा आरंभ आहे, अंतिम नाही. एचएलबी गुणोत्तर सांगतो, प्रमाण सांगत नाही. ११.५ च्या आजूबाजूला १०.५ ते १२.५ पर्यंत पाच छोटे नमुने करून कुठला जास्त टिकतो ते पाहावं.

फॉर्म्युल्यातली भांडणं आधीच ओळखावीत. स्वस्त म्हणून सोडियम बेंझोएट प्रिझर्व्हेटिव्ह घ्यायचा मोह होतो. त्याचा पीकेए ४.२, आणि जंतूंवर परिणाम करतं ते त्याचं आम्लरूप. पीएच ४.२ ला निम्मं आम्लरूपात असतं, ५.२ ला फक्त ९ टक्के, ६.२ ला १ टक्का. इकडे कार्बोमर घट्ट व्हायला पीएच ६ च्या आसपास हवा. म्हणजे एकाच बाटलीत दोघांचं जमणार नाही. फिनॉक्सीइथेनॉल पीएचवर अवलंबून नसतं म्हणून वर ते घेतलं आहे. पॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्ह घ्यायचे झाले तर वेगळी अडचण : पॉलिसॉर्बेट त्यांना स्वतःच्या मायसेलमध्ये (रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांत) ओढून घेतं, आणि जंतू वाढतात ते पाण्यात. टक्केवारी बरोबर असून लोशन बुरसतं ते अशा वेळी. मीठ किंवा कुठलाही क्षार घालायचा असेल तर कार्बोमर विसरा, त्याचा जेल क्षार पडताच ढेपाळतो.

पाचवा टप्पा : लॅबमधली कृती, क्रमासकट

पाणी खोलीच्या तापमानाला घेऊन साधारण ८०० आरपीएमवर ढवळत कार्बोमर वरून चाळणीने शिंपडावं. एकदम ओतलं तर बाहेरून भिजलेल्या आणि आत कोरड्या राहिलेल्या गाठी होतात, आणि त्या पुढे कशानेही फुटत नाहीत. अर्धा तास भिजू द्यावं. मग ग्लिसरीन आणि पॉलिसॉर्बेट घालून ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं. दुसऱ्या भांड्यात तेल, फॅटी अल्कोहोल आणि सॉर्बिटन ७५ अंशांपर्यंत नेऊन पूर्ण पारदर्शक होऊ द्यावं.

दोन्ही भांडी एकाच तापमानाला असणं ही सवयीची बाब नाही. पाणी थंड असेल तर गरम मेण त्याला टेकताक्षणीच गोठतं, आणि ते दाणे नंतर बोटाला लागतात.

तेलाचा भाग पाण्यात घालत होमोजनायझर (वेगाने फिरणाऱ्या रोटरने थेंब बारीक करणारं यंत्र) सुरू करावा : ३० मि.मी. रोटर, ८००० आरपीएम, ४ मिनिटं. लगेच एक थेंब मायक्रोस्कोपखाली पाहावा, बहुतेक थेंब १ ते ३ मायक्रॉनचे हवेत. होमोजनायझर काढून अँकर (भांड्याच्या कडेने सावकाश फिरणारा ढवळणारा दांडा) लावावा आणि ५५ अंशांच्या आसपास कॉस्टिक घालावं. हा क्रम उलटा करू नये. कॉस्टिकने न्यूट्रलाइझ झालेल्या कार्बोमरवर होमोजनायझर चालवला की पॉलिमरच्या साखळ्या तुटतात आणि गेलेला घट्टपणा परत येत नाही.

४० अंशांखाली फिनॉक्सीइथेनॉल आणि सुगंध. त्याआधी घातला तर सुगंधातले हलके घटक उडून जातात. शेवटी वजन करावं. उघड्या बीकरमधून वाफ होऊन गेलेलं पाणी भरून काढलं नाही, तर तुम्ही मोजत असलेली व्हिस्कॉसिटी तुमच्या फॉर्म्युल्याची नसतेच. लॅबचा निकाल प्लँटमध्ये जुळत नाही याचं सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच.

घनताही त्याच वेळी मोजावी. ०.९८ अपेक्षित असताना ०.९० आली तर आत जवळजवळ ८ टक्के हवा आहे. हवा असलेलं लोशन आज छान पांढरंशुभ्र दिसतं आणि महिन्याभरात बाटलीत खाली बसतं.

सहावा टप्पा : चाचण्यांची आखणी

एका वेळी एकच घटक बदलत बसलं तर घटकांचे एकमेकांवरचे परिणाम निसटतात. तेल १० ते १४, फॅटी अल्कोहोल २ ते ४, ग्लिसरीन ३ ते ७ टक्के अशा तीन घटकांचे आठ कोपरे आणि मधल्या बिंदूवर तीन वेळा, मिळून ११ बॅच पुरतात. मधल्या तीन बॅचमधला फरक म्हणजे तुमच्या हाताची चूक. दोन फॉर्म्युल्यांतला फरक त्याहून लहान असेल तर तो फरकच नव्हे. तेल आणि अल्कोहोलचं प्रमाण बदललं की एचएलबीची सरासरीही बदलते, इमल्सिफायरचं गुणोत्तर दर वेळी नव्याने काढावं.

इथे पाणी भरपूर असल्याने उरलेली जागा ते भरून काढतं आणि साधी आखणी चालते. गोळी किंवा रंग अशा मालात सगळ्या घटकांची बेरीज १०० करताना एक वाढवला की दुसरा घटतोच. तिथे संख्याशास्त्रज्ञ हेन्री शेफेने १९५८ मध्ये दिलेली मिश्रणासाठीची आखणी वापरावी.

सातवा टप्पा : टिकाऊपणा

पहिली चाळणी : ३००० आरपीएमवर अर्धा तास सेंट्रिफ्यूज. इथे फुटलं तर पुढे जाऊच नका. पास झालं म्हणजे टिकेल असं मात्र नाही. मग ४, २५, ४० आणि ४५ अंशांवर १२ आठवडे, शिवाय उणे १० ते २५ अंशांची पाच आवर्तनं. १ दिवस, १, ४, ८ आणि १२ आठवड्यांनी पीएच, तीन शिअर रेटची व्हिस्कॉसिटी, थेंबांचा आकार आणि वजनातली घट नोंदवावी. नमुने काचेत आणि प्रत्यक्ष विक्रीच्या बाटलीत असे दोन्हीकडे ठेवावेत. प्लास्टिक सुगंध शोषून घेतं आणि पाणी झिरपू देतं, हे काचेच्या नमुन्यात कधीच दिसत नाही.

दहा अंश वाढले की वेग दुप्पट, या नियमाने ४५ अंशांवरचे तीन महिने म्हणजे २५ अंशांवरचं एक वर्ष. रासायनिक बदलांसाठी हा अंदाज ठीक आहे. पण लोशनला घट्टपणा देणारी फॅटी अल्कोहोलच्या स्फटिकांची जाळी तापमान वाढलं की मऊ पडत जाते. ५० अंशांवर फुटलेलं लोशन २५ अंशांवर दोन वर्षं टिकू शकतं, आणि उलटही घडतं : ४५ अंशांवर ठणठणीत असलेलं थंडीत दाणेदार होतं. वेगाचा नियम लावताना मधे रचनाच बदलत नाही ना, हे आधी पाहावं.

प्रिझर्व्हेटिव्हची परीक्षा वेगळी. नमुन्यात ठरावीक जिवाणू, यीस्ट आणि बुरशी मुद्दाम सोडून २८ दिवस त्यांची संख्या किती घटते ते मोजतात. ही ताज्या आणि १२ आठवडे जुन्या, दोन्ही नमुन्यांवर करावी.

औषधांत रचनेचा हा प्रश्न स्फटिकांच्या पातळीवर येतो. रिटोनाव्हिर हे औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये काही कॅप्सूल नीट विरघळेनात. तोच रेणू, पण आधी कोणी न पाहिलेल्या, कमी विरघळणाऱ्या स्फटिकरूपात आला होता. एकदा त्या रूपाचे कण प्लँटमध्ये आले की जुनं रूप बनवणंच अवघड झालं, आणि औषध नव्या रूपात आणावं लागलं. शुद्धतेच्या चाचणीत दोन्ही रूपं सारखीच शुद्ध दिसतात.

आठवा टप्पा : २ लिटरवरून २००० लिटर

आकारमान हजारपट, म्हणजे लांबी-रुंदी दहापट. पृष्ठभाग शंभरपटच वाढतो, म्हणून प्रत्येक लिटरमागे थंड करायला मिळणारी जागा एक दशांश. लॅबमध्ये ७५ वरून ३५ अंशांवर यायला २० मिनिटं लागत असतील, तर बाकी सगळं तसंच ठेवून प्लँटमध्ये सुमारे २०० मिनिटं लागतील. एवढ्या वेळात मेणाचे स्फटिक मोठे होतात आणि लोशन खरखरीत होतं. यावर तोडगा मोठ्या टाकीत शोधण्यापेक्षा लॅबमध्ये शोधावा : एक बॅच मुद्दाम २०० मिनिटं घेऊन थंड करा. ती बिघडत असेल तर प्लँटमध्ये हमखास बिघडणार. उपाय म्हणून पाण्याचा एक हिस्सा थंड ठेवून इमल्शन झाल्यावर घालता येतो.

होमोजनायझरसाठी रोटरच्या कडेचा वेग सारखा ठेवावा. ३० मि.मी. रोटर ८००० आरपीएमवर सेकंदाला १२.६ मीटर देतो. प्लँटमधल्या २०० मि.मी. रोटरला त्यासाठी १२०० आरपीएम पुरतात. ८००० चा आग्रह धरणारा ऑपरेटर चुकीचा आकडा सांभाळत असतो. पण वेग जुळला म्हणून काम झालं नाही. टाकीतला सगळा माल रोटरमधून गेला पाहिजे. होमोजनायझर तासाला २०,००० लिटर ओढत असेल, तर २००० लिटरची एक फेरी ६ मिनिटांत होते. माल मिसळत राहतो, त्यामुळे एका फेरीनंतरही सुमारे ३७ टक्के माल रोटरला शिवलेलाच नसतो. तीन फेऱ्यांनंतर ५ टक्के, पाच फेऱ्यांनंतर ०.७ टक्के. म्हणजे अर्धा तास. लॅबमधली ४ मिनिटं जशीच्या तशी प्लँटच्या बॅच शीटवर उतरवली की मोठ्या थेंबांचा एक हिस्सा राहून जातो, आणि क्रीमिंग (थेंब वर येऊन साय धरणं) त्याच थेंबांपासून सुरू होतं.

४५ अंशांखाली अँकर सावकाश फिरवावा आणि पंपिंग कमीत कमी करावं. बसत आलेली जाळी गिअर पंपाने तोडली, तर टाकीत घट्ट असलेलं लोशन बाटलीत पातळ निघतं. नमुना टाकीतून घेण्याऐवजी फिलिंगच्या नोझलवरून घ्यायचा तो यासाठी.

नववा टप्पा : स्पेसिफिकेशन

तयार मालाच्या कागदावर पीएच, घनता, तीन शिअर रेटची व्हिस्कॉसिटी, यिल्ड स्ट्रेस आणि थेंबांचा आकार एवढं हवंच. व्हिस्कॉसिटी मोजण्याआधी नमुना २५ अंशांवर २४ तास ठेवल्याचा उल्लेखही हवा, कारण जाळी बसायला वेळ लागतो आणि ताजा नमुना दिशाभूल करतो. थेंबांसाठी सरासरीबरोबर ९० टक्क्यांची मर्यादाही द्यावी : एकूण तेलातलं ९० टक्के ५ मायक्रॉनपेक्षा लहान थेंबांत. नुसती सरासरी मोठ्या थेंबांना लपवते.

कच्च्या मालाच्या कागदावर सीटोस्टिअरिल अल्कोहोलमधलं सीटिल आणि स्टिअरिल यांचं गुणोत्तर जरूर लिहावं. पुरवठादार बदलला, नाव तेच, शुद्धताही तीच, पण ३० : ७० च्या जागी ५० : ५० आलं तर घट्टपणा बदलतो, आणि पीएच-घनतेच्या चाचण्यांत काहीच दिसत नाही. नव्या पुरवठादाराच्या मालाची एक बॅच लॅबमध्ये, मुद्दाम सावकाश थंड करून, चार आठवडे ४० अंशांवर ठेवल्याशिवाय प्लँटला हिरवा कंदील देऊ नये.